मुरमाचं ग्राउंड, काळी माती आणि एकच जोड

"सर, मी केळापूर तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. माझी मुलगी आठवीत आहे, १३ वर्षांची. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये खेळते. शाळेचं ग्राउंड मुरमाचं आहे. संध्याकाळी पोरी गावाबाहेरच्या आखरावर खेळतात, तिथं काळी माती. ऑगस्टअखेर यवतमाळला जिल्ह्याची शालेय स्पर्धा आहे, तिथं गवत आहे म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला एका अकॅडमीची ट्रायल आहे, ती टर्फवर, म्हणजे नकली गवतावर. माझ्या भाच्यानं त्याचे जुने स्टड दिले, खाली धातूचे खुंटे आहेत. जोडा ८ नंबरचा, पोरीचा पाय ४ नंबरचा. समोर कापूस कोंबून घालते. महिन्यापासून टाच दुखते म्हणते. पांढरकवड्याच्या दुकानदारानं नवे दाखवले, लंबे काटेवाले. म्हणे हेच घ्या, पकड मस्त आहे. पोरगी म्हणते, 'आई, मले जोडेच नको, मी बिना जोड्याचीच खेळतो.' माझ्याजवळ १२०० रुपये आहेत, एकच जोड होईल. कोणता घेऊ? आणि घरी सासरे म्हणतात, पोरीच्या खेळापायी इतके पैसे काऊन घालता? त्यांना काय सांगू?"

ताई,

नव्या जोड्याचं नंतर बोलू. आधी भाच्यानं दिलेले ते धातूचे स्टड पोरीच्या पायातून काढा, आजच. त्यानं मायेनं दिले हे खरं. पण तो जोडा तिच्या पायाचा नाही आणि तुमच्या गावच्या जमिनीचाही नाही. मुरमावर खेळणाऱ्या १३ वर्षांच्या मुलीच्या पायात धातूचे खुंटे आहेत हे वाचून मला राहवलं नाही, म्हणून इतकं थेट लिहितो.

धातूच्या खुंट्यांचा तळ भिजलेल्या, मऊ, गवताच्या मैदानासाठी असतो. बहुधा सहाच खुंटे असतात, चार पुढं, दोन टाचेखाली. मऊ मैदानात पाय टेकला की खुंटा पुरता रुततो, जोड्याचा तळ जमिनीला लागतो आणि भार सगळ्या पावलावर वाटला जातो. मुरमात तो खुंटा रुतणार कुठं? तिथं पोरगी त्या सहा टोकांवरच उभी असते. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीनं भार येतो, तो टाचेखालच्या दोन टोकांतून सरळ हाडात जातो. त्यात जोडा चार नंबर मोठा. कापूस कोंबला तरी टाच आत वरखाली होतच राहते, आणि वळताना पाय एकीकडं, जोडा दुसरीकडं.

या खुंट्यांचं नाव झालं ते १९५४ च्या वर्ल्ड कपच्या फायनलपासून. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला त्या दिवशी पाऊस होता. पश्चिम जर्मनीच्या जोड्यांना आदिदास कंपनीच्या आदी डासलर यांनी स्क्रूनं बदलता येणारे स्टड, म्हणजे खुंटे, केले होते. ओल्या मैदानासाठी लांब स्टड लावले आणि ०-२ नं मागं पडलेल्या जर्मनीनं हंगेरीला ३-२ नं हरवलं. त्या चिखलाला ते लांब स्टड जुळले. आपल्या मुरमावर ते पायाचे वैरी आहेत.

सासऱ्यांनाही याच वाटेनं सांगता येईल. नुसत्या शेतात राबणाऱ्या बैलाला नाल लागत नाही, सडकेवर गाडी ओढायची असली की आपण नाल ठोकून आणतो. जमीन पाहून पायात काय घालायचं ते ठरतं. ही गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजते.

आता दुकानात काय पाहायचं ते सांगतो. खोक्यावर, नाहीतर जोड्याच्या जिभेमागच्या लेबलवर, मॉडेलच्या नावापुढं बहुधा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. एसजी म्हणजे वर सांगितला तो मऊ मैदानाचा, धातूच्या खुंट्यांचा. त्याला हातच लावू नका. एफजी म्हणजे चांगलं राखलेलं, खाली माती थोडी दबणारं गवत. त्याला कडक प्लास्टिकचे दहा-बारा किंवा थोडे जास्त खुंटे असतात, काही गोल, काही पातीसारखे लांबट. दुकानदारानं दाखवलेले लंबे काटेवाले म्हणजे बहुतेक हेच. टीव्हीवर मोठे खेळाडू घालतात ते बव्हंशी एफजी किंवा एसजी, कारण त्यांच्या पायाखाली रोज पाणी दिलेली, रोज कापलेली हिरवळ असते. एजी हा नव्या, लांब पात्यांच्या कृत्रिम गवतासाठी. त्याचे खुंटे आखूड, पुष्कळदा आतून पोकळ आणि संख्येनं जास्त. आयसी किंवा आयएन लिहिलेला सपाट तळाचा जोडा सिमेंटच्या किंवा लाकडी हॉलसाठी. मुरमावर तो बारीक खड्यांवरून सरकतो.

आणि टीएफ, म्हणजेच टर्फवाला जोडा. प्यूमाच्या खोक्यावर यालाच टीटी लिहिलेलं असतं. तुम्ही हाच घ्या.

टीएफ उलटा करून पाहा. तळभर रबराचे बारीक, आखूड दाणे असतात, डझनावारी. टाचेखाली फोमचा जाड थर असतो, बाजूनं पाहिला तर वेगळ्या रंगाची पट्टी दिसते. हा जोडा निघाला जुन्या पद्धतीच्या, सतरंजीसारख्या आखूड कृत्रिम गवतासाठी. पण उघड्या कडक जमिनीवर आपल्या दुकानांत त्याच्याइतका दुसरा कामाचा नाही. दाणे पुष्कळ असल्यानं भार वाटला जातो. दाणे आखूड असल्यानं पाय जमिनीजवळ राहतो आणि घोटा मुरगळायची भीती कमी होते. रबर मऊ असल्यानं मुरमाच्या खड्यांमध्ये ते थोडं दबून धरतं. फोम टाचेचा हादरा खातो, आणि तुमच्या मुलीला आत्ता सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

दुकानात अक्षरं सापडली नाहीत तर तळावर अंगठ्याचं नख दाबा. रबर असेल तर नख किंचित आत जातं. कडक प्लास्टिकवर नुसतं टकटक वाजतं. मग जोडा दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध कागदासारखा दुमडत असेल तर खाली ठेवा, त्याला पाठच नाही.

निविया, व्हेक्टर एक्स, कॉस्को या आपल्याकडच्या कंपन्यांचे टर्फवाले जोडे हजाराच्या आतबाहेर मिळतात. तुमच्या पैशांत बसतील. परदेशी नावाचे जोडे निम्म्याहून कमी किमतीत मिळत असतील तर ती नक्कल असते. त्यापेक्षा आपल्या कंपनीचा खरा जोडा शंभर पटीनं बरा. १२०० पैकी दीड-दोनशे शिनगार्डसाठी, म्हणजे नडगीवर बांधायच्या कवचासाठी, राखून ठेवा. फुटबॉलच्या नियमांत चौथा नियम खेळाडूच्या साहित्याचा आहे. त्यात जोड्यांबरोबर शिनगार्डही सक्तीचे आहेत आणि ते स्टॉकिंगनं झाकलेले असावे लागतात. ते नसले तर रेफरी मैदानावर उतरू देणार नाही.

दुकानदार म्हणेल, टर्फवाले मातीसाठी नसतात, स्टडच न्या. तो खोटं बोलतो असं नाही. त्याला खोक्यावर लिहिलेलं माहीत आहे, तुमचं ग्राउंड त्यानं पाहिलेलं नाही. जपानमध्ये कित्येक शाळांची मैदानं आपल्यासारखीच बिनगवताची, मातीची. म्हणून तिथल्या मिझुनो आणि असिक्स या कंपन्या एचजी नावाचा खास तळ बनवतात, आखूड आणि जाड खुंट्यांचा. आपल्या मुरमाला तो फार चांगला जुळेल, पण पांढरकवड्यात तो मिळेल अशी आशा धरू नका. आपल्याकडं त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे टीएफ.

एफजीबद्दल तुमचं मन अजून खात असेल तर एक पारख सांगतो. टीममधल्या कुणाचे एफजी असतील तर तिला ते घालून ग्राउंडवर दहा पावलं पळायला सांगा आणि मागं जाऊन ठसे पाहा. सगळ्या खुंट्यांचे गोल खड्डे पडले असतील आणि मधल्या तळाचाही पुसट ठसा असेल तर ती जमीन त्या जोड्याची आहे. नुसते टोचे दिसले, किंवा मुरूम ओरखडला गेला, तर जोडा चुकीचा. ग्राउंड पाहायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. हीच पारख यवतमाळला मॅचच्या आदल्या दिवशीही करता येईल.

आता आखराची काळी माती. तिला एक जमीन म्हणून चालत नाही, वर्षातून ती तीनदा रूप बदलते. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, हा तिचा धर्मच आहे. आषाढ-श्रावणात तिथं नुसता गारा. टर्फच्या जोड्याचे दाणे त्या गाऱ्यानं भरले की तळ गुळगुळीत होतो आणि एकेका पायाला ढेकूळ लटकतं. खरं सांगायचं तर या दिवसांत कोणताच जोडा तिथं नीट चालत नाही. लांब, विरळ खुंट्यांचे एफजी त्यातल्या त्यात बरे, पण त्यांच्यातही लगदा बसतोच. पावसाळ्यात आखराचा नाद सोडा आणि पोरींना शाळेच्या मुरमावरच खेळू द्या. मुरमात पाणी जिरतं, पाऊस थांबल्यावर काही तासांत तो खेळण्याजोगा होतो. काळ्या मातीला त्यासाठी दिवस लागतात. तरीही आखरावर जावंच लागलं तर निघण्याआधी जोड्याच्या तळाला, दाण्यांच्या मधल्या जागेत, गोडेतेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, गारा कमी धरतो. सोबत एक तुराटीची काडी असू द्या, हाफटाइमला खरवडायला.

पाऊस ओसरला, मातीला वाफसा आला, की हीच जमीन खेळायला सोन्यासारखी होते. दबते पण चिकटत नाही, पडलं तरी फार लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराचे हे दिवस पोरींनी वाया घालवू नयेत. टर्फवाला जोडा तेव्हा तिथं छान चालतो.

फाल्गुनानंतर मात्र आखराकडं फार जपून पाहा. माती विटेसारखी कडक होते आणि भेगा पडतात. एखादी भेग वर बारीक दिसते, पण तिच्यात टाच सहज अडकते. पाय अडकला आणि अंग फिरलं की घोटा जातो, नाहीतर गुडघा. अशा वेळी जोड्यात उपाय शोधू नये. शाळेच्या सरांनी पोरींना घेऊन खेळण्याच्या पट्ट्यातल्या भेगा मातीनं भरून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून घ्याव्यात. नाहीतर जूनपर्यंत मुरमावरच खेळावं, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.

नागपूरच्या ट्रायलची काळजी करू नका. भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर पात्यांच्या मध्ये बहुधा वाळू आणि रबराचे काळे दाणे पसरलेले असतात. तिथं टीएफ घालून खेळलेलं चालतं. धातूचे स्टड तर सहसा आत येऊच देत नाहीत. एफजी घालून पुष्कळ पोरं खेळतात, पण लांब खुंटा कृत्रिम गवतात गच्च धरला जातो, वळताना सुटत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. पातीसारख्या खुंट्यांचा धोका त्याहून जास्त. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, हे क्रीडावैद्यकात पक्कं माहीत असलेलं आहे. म्हणून टर्फवर तिला कुणी एफजी देऊ केले तरी घालू देऊ नका. दिवाळीत दुपारीही टर्फ बरंच तापतं, उन्हाळ्यात तर त्यावर हात टेकवत नाही. जाड स्टॉकिंग आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. दीडशे किलोमीटरचा प्रवास करून पोरगी लगेच मैदानात उतरणार असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडं मुक्कामाची सोय पाहा. ट्रायलमध्ये जोड्याइतकाच दमलेला पायही दिसतो.

"बिना जोड्याचीच खेळतो" या तिच्या म्हणण्यामागं हट्ट कमी आणि त्या चार नंबर मोठ्या जोड्याचा जाच जास्त असावा. मला त्या पोरीचं पटतं. तसल्या जोड्यापेक्षा उघडा पाय बरा, असं तिच्या पायानंच तिला सांगितलं असणार. आपल्या देशाच्या फुटबॉलला अनवाणी पायांची मोठी परंपराही आहे. १९११ मध्ये मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा एक खेळाडू सोडला तर सगळे अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी खेळले, दोन पेनल्टी हुकल्या आणि २-१ नं हरले. पण १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं १०-१ नं हरवलं आणि त्यानंतर आपल्याकडं जोडे सक्तीचे झाले. आज नियमानंच जोडे लागतात. शिवाय समोरच्या दहा-अकरा जणींच्या पायांत जोडे असताना हिची बोटं उघडी ठेवणं बरोबर नाही. आखराच्या कडेला गोखरू, बाभळीचे काटे, पऱ्हाटीचे खुंट पडलेले असतात. धनुर्वाताचं तुम्हाला मी काय सांगावं, गावाला तुम्हीच सांगता. स्वच्छ मातीवर वॉर्मअपला दहा-वीस मिनिटं ती अनवाणी पळली तर जरूर पळू द्या, पायाचे छोटे स्नायू त्यानं मजबूत होतात. बॉल आला की जोडे चढवायचे.

मापाबाबत घाई करू नका. संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, पाय थोडा फुगलेला असतो. तेव्हा तिला कागदावर उभं करून दोन्ही पावलांची रेघ पेन्सिलीनं काढा. सगळ्यात लांब बोटापासून टाचेपर्यंत मोजा. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात, मोठा धरा. तो कागद दुकानात सोबत न्या आणि पोरीलाही न्या, तिच्याशिवाय जोडा आणू नका. फुटबॉलचे स्टॉकिंग घालूनच जोडा पायात घालायचा. पुढं अर्धा ते एक सेंटिमीटर जागा हवी, त्याहून जास्त नको. पोरगी वाढती आहे म्हणून दोन नंबर मोठा घ्यायची आपल्याकडं सवय आहे, आणि ती का आहे हे मला कळतं. पण मोठ्या जोड्यात पाय सरकतो, नखं काळी पडतात, फोड येतात आणि वळताना घोट्याला आधार उरत नाही. अर्धा नंबर मोठा चालेल, जास्त नाही. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या मुलांचा पंजा पुढं रुंद असतो, म्हणून लांबी जुळली तरी करंगळी दाबली जात नाही ना हे तिला विचारा. दुकानातच तिला उड्या मारायला, पंजावर उभं राहायला, चार पावलं वाकडंतिकडं पळायला लावा. दुकानदारानं तोंड वाकडं केलं तरी चालेल.

विकत घेतल्यावर घरी येण्याआधी एक काम करा. मोच्याकडं जाऊन तळाला चौफेर शिलाई मारून घ्या. हजाराच्या आतले जोडे नुसते चिकटवलेले असतात आणि आपल्या मुरमानं पुढचा जबडा आधी उकलतो. उकलल्यावर शिवण्यापेक्षा नवा असताना शिवलेला जोडा कितीतरी जास्त टिकतो. मात्र शिलाई तळाच्या कडेच्या खाचेतून गेली पाहिजे आणि आत बोटाला गाठ लागता कामा नये, हात घालून चाचपून पाहा. भिजला तर धुऊन, आतली गादी काढून, रद्दी पेपर कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा टिनावर उन्हात ठेवलेला जोडा दोनदा वाळतो आणि तिसऱ्यांदा सोल सोडतो.

आता टाच. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला वाढीची कूर्चा असते आणि पोटरीचा जाड स्नायुबंध तिथंच येऊन ओढतो. हाडं झपाट्यानं वाढत असताना कडक जमिनीवर उड्या आणि पळापळ झाली की ती जागा दुखायला लागते. डॉक्टर याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. साधारण ८ ते १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलामुलींत हे पुष्कळदा दिसतं. नावाला घाबरू नका, वाढ पूर्ण झाली की हे थांबतं. पण दुखणं अंगावर काढून खेळायचं मात्र नाही. टाच दोन्ही बाजूंनी बोटांत धरून हलकेच दाबा. तिथं कळ आली तर बहुधा हेच आहे. काही दिवस पळणं-उडणं बंद, बॉलवर बसल्या जागचा सराव चालेल. खेळून आल्यावर थंड पाण्याची पट्टी, सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण. नव्या जोड्यात टाचेखाली मऊ गादीचा तुकडा घालता येतो, दोन्ही पायांत सारखाच. लंगडत असेल, सूज असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर घरचे उपाय न करता तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. गावातल्या दुसऱ्यांच्या लेकरांना तुम्ही हाताला धरून नेता, तितक्याच तातडीनं.

राहिली यवतमाळची मॅच. इथं टीएफची उणीव आहे आणि ती लपवत नाही. ऑगस्टमध्ये गवत ओलं असलं तर आखूड दाणे घसरतात. पण एका मॅचसाठी सगळे पैसे एफजीत घालणं मला पटत नाही, कारण वर्षाचे उरलेले दिवस ती मुरमावर आहे. सरांना म्हणा, जिल्ह्याच्या ग्राउंडची चौकशी आत्ताच करा. गवत आहे म्हणतात, पण पुष्कळ ठिकाणी गवत कडेला असतं आणि मधोमध, गोलपाशी नुसती माती. खरंच हिरवळ असेल तर तेवढ्यापुरते ४ नंबरचे एफजी कुणाचे तरी मागून घ्या. मागच्या वर्षीच्या मोठ्या मुलींचे, शेजारच्या शाळेच्या टीमचे. मागून आणलेला जोडा थेट मॅचला घालायचा नाही, आधी गवत असेल अशा जागी दोन-चारदा सराव करून पाहायचा. नाहीच मिळाले तर टीएफवरच खेळू द्या आणि सांगा की वळताना पावलं आखूड टाक. मोठ्या मापाच्या स्टडपेक्षा बरोबर मापाच्या टर्फवर ती चांगली खेळेल, याबद्दल मला शंका नाही.

यातून एक कायमची सोयही होऊ शकते. पोरांचे पाय दर चार-सहा महिन्यांनी वाढतात आणि जोडे धडधाकट असतानाच लहान होतात. ते घरोघरी फळीवर पडून राहतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा की असे जोडे शाळेतल्या एका पेटीत जमा व्हावेत, आत नंबर लिहून. गरज पडेल त्या मुलीनं न्यावे, धुऊन परत द्यावे. भाच्याचे धातूचे स्टड मात्र त्या पेटीत टाकू नका.

सासऱ्यांना सांगायला तुमच्याजवळ सरळ हिशेब आहे. स्टड फक्त मैदानावर चालतात, पण टर्फचा जोडा ती शाळेत, पीटीला, पळायला, पावसाळ्यात रस्त्यावरही घालू शकते. एका जोड्यात दोन जोड्यांचं काम होतं. शालेय स्पर्धांत पुढं गेलेल्या मुलांना दहावी-बारावीला नियमाप्रमाणे क्रीडा गुणांची सवलत मिळते, तेही सांगा. आणि हिशेबापलीकडचं तुम्हीच त्यांना सांगा, ताई. रोज संध्याकाळी दुखऱ्या टाचेनिशी, कापूस कोंबलेल्या जोड्यात खेळायला जाणाऱ्या पोरीला तो खेळ किती हवा आहे, हे त्यांच्याच घरात दिसतं आहे. नातवानं हे मागितलं असतं तर काय केलं असतं, हा प्रश्न घरात कुणीतरी विचारायला हवा. तुम्ही विचारलात तर मला आनंद होईल.

जोडा या आठवड्यातच घ्या. नवा जोडा अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवातीला रोज अर्धा तासच घालू द्या. ऑगस्टअखेर येईपर्यंत टाच शांत झाली तर तिला बिनधास्त खेळू द्या. मॅचच्या दिवशीही दाबल्यावर कळ येत असेल तर तिला बेंचवर बसवायला सरांना सांगा. ती रडेल, रडू द्या. पुढं १७ वर्षांखालच्या गटात तिच्याजवळ अजून तीन वर्षं आहेत.